कोल्हापूरच्या राजाचा करंडक

दर वर्षी जुलै महिन्यात इंग्लंडातील सरे परगण्यात, बिस्ली या ठिकाणी, रायफलच्या नेमबाजीचा मोठा मेळा भरतो. देशोदेशीचे नेमबाज तेथे जमतात आणि कित्येक दिवसपर्यंत सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या माळावर बारांचे आवाज उठत असतात. या मेळ्यातील सामन्यांची यादी लांबलचक आहे. कोणत्या सामन्यास राजाचे नाव, कोणत्यास सरदाराचे, कोणत्यास एखाद्या धनिकाचे. त्या यादीवरून नजर फिरविताना एका नावापाशी मराठी माणूस खचित थबकेल. ‘कोलापोर’ असे ते नाव आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लोक आपल्या कोल्हापूरचे नाव असे लिहीत, आणि लिहिण्याची ती जुनी तऱ्हा एका करंडकाबरोबर आजवर टिकून राहिली आहे.

श्रोतेहो, कोल्हापूर म्हटले म्हणजे आपल्यापुढे अंबाबाईचे देऊळ उभे राहते, रंकाळा दिसतो, तालमी आणि तांबड्या मातीचे आखाडे आठवतात. त्या नगरीचे नाव बिस्लीच्या माळावर कसे गेले, आणि ज्या राजाने तो करंडक दिला त्याची प्रजा त्या माळावर का दिसली नाही, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. १८५९ साली इंग्लंडात फ्रान्सच्या स्वारीची मोठी धास्ती पडली होती. तिसरा नेपोलियन त्या वेळी फ्रान्सच्या गादीवर होता, त्याचे आरमार वाढत होते, आणि खाडी ओलांडून तो केव्हा येईल याची चर्चा घरोघर चालू होती. खडी फौज पुरी पडणार नाही हे ओळखून सरकारने त्या वर्षीच्या मे महिन्यात स्वयंसेवक पथके उभारण्यास परवानगी दिली. वकील, कारकून, दुकानदार, कारागीर असे सर्व थरांतील लोक त्यांत शिरले. परंतु हातात रायफल दिली म्हणजे नेम साधतो असे नाही. तेव्हा नागरिकांत नेमबाजीची आवड उत्पन्न व्हावी म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडन येथे राष्ट्रीय रायफल मंडळ स्थापन झाले. सिडनी हर्बर्ट हे त्याचे पहिले अध्यक्ष. लॉर्ड एल्को हे मंडळाच्या कामात पुढाकार घेणारे गृहस्थ.

मंडळाचा पहिला मेळा २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या माळावर भरला. विंबल्डन म्हणताच आज लोकांना टेनिस आठवते; पण टेनिसचे सामने तेथे १८७७ साली सुरू झाले, तोवर बंदुकीचा आवाज त्या गावाच्या चांगला परिचयाचा होऊन सतरा वर्षे लोटली होती. पहिला बार व्हिक्टोरिया राणीने काढला. व्हिटवर्थ यांची रायफल लोखंडी आधारावर आधीच रोखून ठेवलेली होती. राणीने रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचाच्या आत गोळी बसली. या नेमाचे श्रेय दोरीस द्यावे की ज्याने रायफल रोखली त्या कारागिरास, हा प्रश्न शिष्टाचार म्हणून कोणी विचारला नसावा! राणीच्या नावाचे २५० पौंडांचे बक्षीस त्या वर्षी एडवर्ड रॉस या तरुण स्वयंसेवकाने जिंकले.

या मेळ्यात राणीच्या बक्षिसासाठी पहिल्या फेरीत जी बंदूक वापरली गेली ती एन्फील्डची रायफल होती. एन्फील्ड हे नाव हिंदुस्थानास अपरिचित नव्हते. तीनच वर्षांपूर्वी याच बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून आपल्याकडील पलटणींत ठिणगी पडली होती. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे, त्यामुळे गोळी शंभर पावलांपलीकडे कोठे जाईल याचा नेम नसे. रायफलच्या नळीत मळसूत्री चऱ्या पाडलेल्या असतात. गोळी त्यांतून फिरकी घेत निघते आणि दूरवर सरळ जाते. या लहानशा सुधारणेमुळे एकट्या माणसाची पोच शेकडो यार्डांनी वाढली. इंग्लंडात ती पोच दुकानदाराच्या हातात देण्याची धडपड चालली होती. आपल्याकडे काय चालले होते ते आता पाहू.

कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ रोजी सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले. ते मोडले गेले. डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला आणि कर्नल जेकब याने तोही कठोरपणे चिरडला. गादीवर बाबासाहेब महाराज होते. ते इंग्रजांच्या बाजूने राहिले. परंतु त्यांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर सरकारचा संशय बसला आणि त्यांना कराचीस नेऊन नजरकैदेत ठेवण्यात आले. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानी मुलखात त्याच सुमारास हत्यारे सरकारजमा करण्याचा हुकूम फिरला. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी हत्यारे देण्यास नकार दिला, तेव्हा त्यांच्या गावावर फौज गेली आणि पुष्कळ माणसे मारली गेली. ज्यांच्या कमरेची तलवार आणि खांद्यावरची बंदूक हा घराण्याचा अभिमान होता, त्यांना ती कचेरीच्या पायरीवर आणून ठेवावी लागली. चिमासाहेब परत आलेच नाहीत. १८६९ साली कराचीसच त्यांचा अंत झाला.

बाबासाहेब महाराजांस औरस पुत्र नव्हता. १८६६ साली ते वारले आणि पाटणकर घराण्यातून दत्तक घेतलेला मुलगा राजाराम या नावाने गादीवर बसला. जन्म १८५० सालचा, म्हणजे गादीवर आला तेव्हा सोळा वर्षांचा. इंग्रजी शिक्षण त्यांस एका पारशी शिक्षकाकडून मिळाले. बुद्धी चलाख, स्वभाव जिज्ञासू, आणि नव्या विद्येची खरी आवड. कोल्हापुरात १८८० साली निघालेल्या महाविद्यालयास पुढे राजाराम हे नाव मिळाले ते याच महाराजांच्या स्मरणार्थ.

१८७० साली वयाच्या विसाव्या वर्षी राजाराम महाराजांनी विलायतेस जाण्याचे ठरविले. त्या काळी समुद्रगमन म्हणजे काय प्रकरण होते हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टींवरून आपणांस ठाऊक आहे. सोवळेओवळे, परत आल्यावरचे प्रायश्चित्त, जातीचा रोष, सगळे प्रश्न उभे. असे असता शिवछत्रपतींच्या वंशातील गादीचा धनी समुद्र ओलांडतो ही लहान गोष्ट नव्हती. विलायतेस जाणाऱ्या सत्ताधारी हिंदू राजांपैकी ते अगदी पहिल्यांतले होत. बरोबर कॅप्टन वेस्ट हा इंग्रज अधिकारी होता. महाराजांनी राणीची भेट घेतली, पार्लमेंटचे काम पाहिले, पंजाबच्या गादीवरून दूर झालेले दुलीपसिंग यांस भेटले. रोज जे पाहिले त्याची इंग्रजीत थोडक्यात नोंद ठेवली. ही रोजनिशी वेस्ट याने पुढे १८७२ साली लंडनात छापून प्रसिद्ध केली. हिंदी राजाने स्वतः लिहिलेली विलायतेची अशी रोजनिशी त्या काळात दुर्मीळच म्हटली पाहिजे.

या भेटीच्या वर्षीच महाराजांनी राष्ट्रीय रायफल मंडळास एक करंडक दिला. मातृदेश, म्हणजे ग्रेट ब्रिटन, आणि त्याच्या वसाहती यांच्या संघांनी दर वर्षी त्यासाठी सामना करावा असा त्याचा संकेत होता.

असा करंडक हिंदी राजाने का द्यावा? काहींस यात निव्वळ खुशामत दिसेल. मला ते इतके सोपे वाटत नाही. नजराणा ही आपल्या दरबारांची जुनी भाषा होती. राजाराजांत जे बोलावयाचे ते वस्तूंच्या द्वारे बोलले जाई. इंग्रजांच्या घरी गेलेल्या पाहुण्याने त्यांच्या आवडत्या खेळास बक्षीस द्यावे यात तीच रीत दिसते, आणि महाराज त्यात एकटे नव्हते. लॉर्ड्स आणि कॉमन्स या पार्लमेंटच्या दोन सभांचे सभासद आपसांत नेमबाजीचा सामना खेळतात; त्याचा करंडक विजयानगरमच्या महाराजांच्या नावाचा आहे. उमराव आणि लोकप्रतिनिधी एका तेलुगू संस्थानिकाच्या चांदीसाठी एकमेकांविरुद्ध नेम धरतात हे चित्र मोठे मौजेचे आहे. पण कोल्हापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनात येते. ज्या राजाचे चुलते बंदुकीच्या संशयावरून परागंदा होऊन वर्षापूर्वीच मेले, ज्याच्या आसपासच्या मुलखातून हत्यारे गोळा झाली, त्याने बंदुकीच्याच विद्येस करंडक द्यावा! ‘आम्ही आता तुमचे स्नेही आहोत’ असे त्यात म्हणावयाचे असेल. ‘ही विद्या आम्हांसही समजते’ असेही असेल. विसाव्या वर्षी माणूस दोन्ही एका दमात म्हणू शकतो.

परतीचा प्रवास सुरू झाला तेव्हा फ्रान्समध्ये युद्ध पेटले होते. ज्या तिसऱ्या नेपोलियनच्या भीतीने विंबल्डनचा मेळा जन्मास आला, तो प्रशियनांच्या हाती कैद झालेला होता. महाराज बेल्जम, जर्मनी, टायरोल या वाटेने इटलीत उतरले आणि फ्लॉरेन्स येथे आजारी पडले. ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.

फ्लॉरेन्स ही तेव्हा इटलीची राजधानी होती. त्या देशात प्रेत दहन करण्याची चाल नव्हती; कायदाही अनुकूल नव्हता. पण बरोबरच्या मंडळींनी विनंती केली, आणि अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. शहराबाहेरील काशिने उद्यानाच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या अंधारात चिता पेटली. संगम निवडण्यात धर्माची जाण दिसते. आर्नोच्या काठी तीच पंचगंगा मानावी लागली. १८७४ साली त्या जागी महाराजांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. तो फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविला. वरील छत्रीची रचना मेजर मँट याने केली. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने बांधला तोच हा मँट. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेस ‘इंडियानो’ म्हणतात आणि शेजारी आर्नोवर विसाव्या शतकात जो मोठा पूल झाला त्यासही तेच नाव पडले आहे.

करंडकासाठी पहिला सामना १८७१ च्या जुलैत विंबल्डनवर झाला. देणारा आठ महिन्यांपूर्वीच जगातून गेला होता. कोल्हापुरात त्या वर्षी पुन्हा दत्तकविधान झाले होते, आणि त्या दुर्दैवी चौथ्या शिवाजीमहाराजांची हकीकत तर अधिकच करुण आहे. अहमदनगरच्या किल्ल्यात १८८३ साली ती संपली. तो विषय निराळा असल्याने येथे केवळ उल्लेख करून पुढे जातो.

दुसऱ्याच वर्षी, १८७२ साली, कॅनडाच्या संघाने करंडक जिंकला. या विजयाचे महत्त्व समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कॅनडा हे संघराज्य होऊन अवघी पाच वर्षे झाली होती आणि त्या देशाची रायफल संस्था १८६८ साली निघाली होती. अटलांटिक ओलांडून आलेल्या शेतकऱ्यांच्या आणि कारकुनांच्या पोरांनी मातृदेशाच्या निवडक नेमबाजांस त्यांच्याच माळावर हरविले! त्या काळी नवा देश आपले अस्तित्व दाखविणार कोठे? स्वतंत्र वकिलाती नव्हत्या, ऑलिंपिकचे सामने अद्याप चोवीस वर्षे दूर होते. विंबल्डनच्या फळ्यावर आकड्यांपुढे ‘कॅनडा’ हे नाव खडूने लिहिले जाणे हीच एक प्रकारची मान्यता होती. पुढे बिस्लीच्या माळावर १८९७ साली कॅनडाने आपल्या नेमबाजांसाठी स्वतःचे घर बांधले. व्हिक्टोरियासारख्या ऑस्ट्रेलियन वसाहती आल्या, खाडीतील जर्सी आणि गर्न्सी ही इवलीशी बेटे आली. लहान वसाहतींना आठ नेमबाज जमविणे जड जाई, म्हणून पुढे चौघांच्या संघांसाठी ‘ज्युनिअर कोलापोर’ नावाचा धाकटा सामनाही निघाला. कोल्हापूरचे नाव असे दोनदा लागले.

आता हा सामना होतो कसा ते सांगितले पाहिजे. कारण ज्याने कधी रायफल हाती धरली नाही त्यास ही सारी खटपट निव्वळ आवाजाची वाटण्याचा संभव आहे. संघात आठ नेमबाज असतात. आरंभीच्या काळात २००, ५०० आणि ६०० यार्डांवरून प्रत्येकी सात गोळ्या झाडीत. आज ३००, ५०० आणि ६०० यार्ड अशी अंतरे आहेत आणि प्रत्येक अंतरावर प्रत्येकास दहा गोळ्या. मध्यास लागलेल्या गोळीस पाच गुण. म्हणजे एकट्याचे पूर्ण गुण १५० आणि संघाचे १,२००. तीनशे यार्डांवरील तो मध्य वीतभर रुंदही नसतो. सहाशे यार्ड म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर. तेथे माणूस उभा असला तर डोळ्यास काडीएवढा दिसतो.

परंतु खरा शत्रू अंतर नव्हे, वारा होय. तासाला दहा मैलांचा साधा आडवा वारा सहाशे यार्डांवर गोळीस हात-दीड हात बाजूस लोटतो. म्हणून मैदानभर निशाणे लावलेली असतात. नेमबाज पोटावर पालथा पडून रायफल रोखतो, आणि माशी व लक्ष्य यांच्याइतकेच त्या निशाणांकडे लक्ष ठेवतो. संघाच्या सामन्यात तर वारा ओळखणारा माणूस निराळा असतो. तो मागे बसून दुर्बिणीतून उन्हाच्या झळा पाहतो आणि नेमबाजास ‘डावीकडे एवढे, उजवीकडे एवढे’ असे सांगतो. नेमबाजाने त्याच्यावर विश्वास ठेवून चाप ओढावयाचा. आपला डोळा एक सांगत असता दुसऱ्याचे ऐकणे किती कठीण आहे हे संसारी श्रोत्यांना सांगावयास नको. लक्ष्याच्या खाली खंदक असतो, त्यात माणसे बसलेली असतात. ती गोळीचे भोक पाहून खूण वर करतात. आपल्या पोलिसांच्या चांदमारीत हाच प्रकार आपण पाहतो, फक्त अंतर पुष्कळ कमी.

पोलिसांचे नाव निघाले ते बरे झाले. आपल्याकडील कथा तेथूनच पुढे जाते.

लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत, १८७८ साली, हिंदुस्थानात हत्यारांचा कायदा झाला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. संस्थानिकांसारख्या काही थोड्यांस माफी होती. युरोपियन लोकांस ती नियमांनी सरसकट देण्यात आली. म्हणजे ज्या दशकात कोल्हापूरचा करंडक विंबल्डनवर नागरिकांच्या नेमबाजीस उत्तेजन देत होता, त्याच दशकात कोल्हापूरच्या देशबांधवांस बंदूक घरात ठेवणे दुष्कर झाले. येथे स्वयंसेवक पथके नव्हती असे नाही. १८६९ चा त्यांचा कायदा होता, मुंबई-कलकत्त्यास आणि रेल्वेच्या वसाहतींत ती पथके रविवारी कवायत करीत. परंतु ती मुख्यतः युरोपियन व युरेशियन लोकांची. सर्वसाधारण हिंदी माणसास त्यांत प्रवेश नसे. १८८५ साली रशियाच्या स्वारीची हूल उठली तेव्हा शिकलेल्या हिंदी लोकांनी ‘आम्हांसही पथकांत घ्या’ अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. पुढच्या वर्षी कलकत्त्यास दादाभाईंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेने हाच ठराव राजा रामपालसिंग यांच्या तोंडून मांडला, आणि १८८७ च्या मद्रासच्या सभेत हत्यारांच्या कायद्यावर ठराव झाला. इंग्लंडात स्वारीच्या हुलीतून विंबल्डन निघाले. येथे तशाच हुलीतून नकार निघाला.

हिंदी माणसांच्या हाती बंदूक होती ती पलटणीत आणि पोलिसांत. तीही तोलून मापून दिलेली. १८५७ नंतर सरकारचा दंडक असा पडला की गोऱ्या शिपायाहून काळ्या शिपायाचे हत्यार एक पायरी मागे असावे. गोऱ्या पलटणीस मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणी जुन्या स्नायडरवरच राहिल्या. पोलिसांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्यांच्यासाठी आतून गुळगुळीत नळीच्या मस्कती मुद्दाम बनविल्या जात; पुढे विसाव्या शतकात चांगल्या लष्करी रायफलच्या नळीतील चऱ्याच काढून टाकून त्या .४१० मस्कती म्हणून पोलिसांस देण्यात आल्या. अशी बंदूक जमावावर चालते, पण लांबचा नेम साधत नाही. ती हिसकावली गेली तरी पलटणीस तिचे भय नाही. ज्या चऱ्यांपासून विंबल्डनचा सारा इतिहास सुरू झाला त्या चऱ्या हिशेबाने घासून टाकलेली ती नळी मला राज्यकर्त्यांच्या मनाचा उत्तम पुरावा वाटते. अशा मस्कतीने चांदमारीत पहिला येणारा हवालदार किती कुशल असेल हे कोणत्याही करंडकाने कधी मोजले नाही.

मग हिंदुस्थानच्या नावाने विंबल्डन-बिस्लीस कोण जाई? संघ जात असत. पण ते मुख्यतः येथे नोकरीस असलेले ब्रिटिश अधिकारी आणि युरोपियन स्वयंसेवक यांचे. फळ्यावर ‘हिंदुस्थान’ हे नाव लिहिले जाई, आणि बार काढणारे हात निराळेच असत.

१८८९ च्या मेळ्यानंतर विंबल्डन सुटले. भोवती लंडनची वस्ती वाढत चालली होती, आणि नव्या रायफलची गोळी इतकी दूर जाई की माळ अपुरा पडू लागला. १८९० साली मंडळ बिस्लीस गेले व तेथेच स्थिर झाले. दोन महायुद्धांच्या काळात मेळा बंद पडला, पुन्हा सुरू झाला. बिस्लीच्या इतिहासातील एक गोष्ट आपल्या भगिनींसाठी सांगतो. १९३० साली राजाचे बक्षीस मार्जोरी फॉस्टर या बाईने जिंकले. शेवटच्या फेरीत सैन्यातील एका लेफ्टनंटास तिने एका गुणाने मागे टाकले, २८० विरुद्ध २७९. तोवर पुरुषांखेरीज ते बक्षीस कोणी घेतले नव्हते. वारा आणि लक्ष्य यांना नेमबाजाची जात कळत नाही. ती कळते प्रवेशपत्रिका लिहिणाऱ्याला.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे प्रवेशपत्रिका लिहिणारे हात बदलले. १९५१ साली भारताची राष्ट्रीय रायफल संस्था निघाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर, आपल्या लोकसभेचे पहिले सभापती. मावळंकर अहमदाबादेस स्थायिक झालेले मराठी गृहस्थ, गांधीजींचे अनुयायी. अहिंसेच्या पंथातील माणसाने नेमबाजीच्या संस्थेचे पालकत्व घ्यावे याचे कित्येकांना नवल वाटले असेल. पण नेमबाजी शिकणे आणि हिंसा करणे एकच मानण्याचे कारण नाही. शिवाय ज्या कायद्याने एका राष्ट्रास हत्यारांपासून दूर ठेवले होते त्याचा सल अहिंसावाद्यांनाही होताच. त्यांच्या नावाची नेमबाजीची स्पर्धा आजही दर वर्षी भरते, आणि तरुण नेमबाज त्यातूनच राष्ट्रीय सामन्यांकडे जातात.

२००२ साली राष्ट्रकुलाचे खेळ मँचेस्टर येथे झाले; त्यातील नेमबाजीचे सामने मात्र बिस्लीस ठेवले होते. तेथे मुंबईच्या अंजली भागवत यांनी चार सुवर्णपदके मिळविली. ज्या माळावर शतकभर हिंदुस्थानचे नाव परक्यांच्या खांद्यावरून मिरवले गेले, तेथे एका मराठी मुलीच्या नावापुढे चार वेळा पहिला क्रमांक लागला. त्या बातमीत कोल्हापूरच्या करंडकाचा उल्लेख कोणी केला असता तर बरे झाले असते.

कोल्हापूरही मागे राहिले नाही. २०१० साली म्युनिक येथील जागतिक सामन्यांत ५० मीटर रायफलच्या पालथ्या स्थितीतील स्पर्धेत तेजस्विनी सावंत पहिल्या आल्या. त्या कोल्हापूरच्या. २०१८ च्या आशियाई खेळांत पिस्तुलाचे सुवर्णपदक घेणाऱ्या राही सरनोबत कोल्हापूरच्याच. आणि २०२४ च्या ऑगस्टात पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत स्वप्नील कुसळे यांनी कांस्यपदक मिळविले. ते राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे, रेल्वेच्या नोकरीत असलेले. शेवटच्या फेरीत त्यांचे गुण ४५१.४ झाले. या सामन्यांची अंतरे कोलापोरच्या मानाने अगदी जवळची, आणि मैदानावरील वाऱ्याची पीडा बेतास बात. पण पोटावर पालथे पडून, श्वास अर्ध्यावर रोखून, चापावरचे बोट हळूहळू आवळीत नेण्याची क्रिया तीच आहे. ती १८७१ साली विंबल्डनवर जमलेल्या आठ-आठ जणांच्या संघांना करावी लागली, आणि दर जुलैत बिस्लीस कोलापोरच्या सामन्यासाठी उतरणाऱ्यांना आजही करावी लागते.